आधी मजकूर, मग काना-मात्रा

(वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या पत्रांतली बरीचशी एकाच अडचणीची आहेत. दुसऱ्याने लिहिलेलं तपासायला हातात आलं, की सुरुवात कुठून करायची? नव्या वाचकांसाठी आधीच सांगून टाकते, पुण्याच्या शनिवार आणि सदाशिव पेठेतल्या प्रकाशकांची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासण्यात माझी उमर गेली. ऱ्हस्व-दीर्घावर आमचं घर चाललं. तेव्हा खालची उत्तरं वाचून बाईंना शुद्धलेखनाचं वावडं आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत नोकरी करते. दर शनिवारी सिंहगड रस्त्याजवळच्या एका वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवी-नववीच्या मुलांना मराठी लेखनासाठी मदत करते. निबंध तपासताना मी प्रत्येक चूक लाल पेनाने दुरुस्त करते आणि खाली 'छान, अजून विस्ताराने लिही' असा शेरा देते. एक मुलगा पूर्वी दोन-दोन पानं लिहायचा, आता आठ ओळींत आटोपतो. त्या आठ ओळींत चूक मात्र एकही नसते. त्याच्या एका जुन्या निबंधाचा फोटो सोबत पाठवते आहे. माझं काय चुकतंय? चुका तशाच सोडून देऊ का?
(एक वाचक, वारजे)

उत्तर : फोटो मोठा करून सगळा निबंध वाचला. विषय नेहमीचाच, 'माझा आवडता ऋतू'. पहिल्या परिच्छेदात पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे, सारी सृष्टी हिरवा शालू नेसते, मोर पिसारा फुलवून नाचतो. इथे तुझ्या पेनाला काहीच काम मिळालेलं नाही. मिळणार कसं? अप्पा बळवंत चौकात जाऊन निबंधाचं कुठलंही पुस्तक उघड, ही वाक्यं छापील सापडतील, आणि छापण्याआधी ती माझ्यासारख्या कोणीतरी तपासलेली असतील.

दुसऱ्या परिच्छेदापासून पोराने पुस्तक मिटलंय. त्याची वाक्यं इथे जशीच्या तशी देते, बाकीच्या वाचकांनाही ती दिसायला हवीत.

'धरनाच पानी सोडल की आमच्या गल्लीत पानी येत. मागच्या वर्षी रात्री आल. आईने आधी गॅसची टाकी वर ठेवली मग दादाची वह्या पुस्तक. मग आम्ही शाळेत गेलो. तिथ ते आले आनि त्यांनी फोटो काढले. मला तिथ झोप लागली नाही.'

या सहा वाक्यांवर तुझ्या अकरा लाल खुणा आहेत. सगळ्या बरोबर आहेत, एकही चुकीची नाही. पण त्या मुलाच्या जागी बसून पान बघ. जे त्याचं नव्हतं ते स्वच्छ राहिलं, आणि जे त्याचं होतं ते लाल झालं. त्याने यातून घ्यायचा तो धडा घेतला. जितकं कमी लिहावं तितकी लाल शाई कमी. आठ ओळींवर येणं हा त्याचा आळस नव्हे, हिशेब आहे.

आता तुझ्या पेनाला काय दिसलं नाही ते सांगते. 'तिथ ते आले आनि त्यांनी फोटो काढले.' तू 'तिथ'वर खूण केलीस, 'आनि'वर केलीस. 'ते' कोण, हे विचारायचं राहिलं. नगरसेवक? संस्थेची माणसं? टीव्हीवाले? 'ते' या अक्षरात शुद्धलेखनाची चूक नाही, म्हणून पेन त्यावरून पुढे गेलं. आणि मला विचारशील तर सगळ्या निबंधातली सर्वांत मोठी उणीव तीच आहे. घरात पाणी शिरलेलं, रात्र शाळेच्या वर्गात काढायची, आणि कोणीतरी येऊन आपले फोटो काढतंय. त्यापुढचं वाक्य 'झोप लागली नाही'. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, हे फक्त तो सांगू शकतो. कोणीतरी विचारायला हवं.

दुसरी गोष्ट निबंधाच्या मुळाशीच आहे. वर म्हणतो पावसाळा आवडता, खाली जे लिहितो त्यात पावसाळ्याचा धाक आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरीच्या घरांत पाणी शिरून काय झालं, हे सिंहगड रस्त्याच्या माणसाला सांगायला नको. तिथल्या पोराने मोराचं लिहावं आणि आपण त्यातला काना-मात्रा बघत बसावं? त्याला सरळ विचार, 'तुला पावसाळा खरंच आवडतो का रे?' बहुतेक उत्तर येईल, 'निबंधात तसंच लिहायचं असतं.' मग तिथून बोलणं सुरू कर. आवडतोही आणि भीतीही वाटते असं असेल, तर तेच लिहायला सांग. न आवडणारा असेल तर 'माझा नावडता ऋतू' लिहिण्याची परवानगी अभ्यासिकेत तरी तुझ्या हातात आहे.

तुझ्या शेऱ्याबद्दलही थोडं. एकाच पानावर तू त्याला दोन उलट कामं सांगितलीस. वाक्यातली अक्षरं दुरुस्त करून ते वाक्य पक्कं केलंस, आणि खाली लिहिलंस की विस्तार कर, म्हणजे ती वाक्यं मोड आणि नव्याने लिही. ही गफलत तुझी एकटीची नाही. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन अध्यापिकेने शिक्षकांच्या शेऱ्यांचा अभ्यास करून १९८२ साली नेमकं हेच दाखवलं होतं. कच्च्या मसुद्यावर शिक्षक एकीकडे स्वल्पविराम सुधारतात आणि दुसरीकडे तोच परिच्छेद वाढवायला सांगतात, त्यामुळे मजकूर बदलायचा आहे की झाला आहे हेच विद्यार्थ्याला कळत नाही. ज्या भिंतीचं पाडायचं की ठेवायचं ठरलं नाही, तिला रंगाचा हात कोणी देत नाही.

तिकडच्या विद्यापीठांत लेखन-केंद्रं असतात. पर्ड्यू विद्यापीठातलं १९७६ पासून चालू आहे. विद्यार्थी आपला मसुदा घेऊन येतो, समोर बहुधा दुसरा विद्यार्थीच मदतनीस म्हणून बसतो, वेळ मोजका. या मदतनिसांना जे शिकवतात त्याचा गाभा कामाच्या क्रमाचा आहे. काय म्हणायचंय, कोणाला म्हणायचंय, मांडणी कशी, पुरावा काय, हे आधी. वाक्यरचना, विरामचिन्हं, स्पेलिंग शेवटी. १९८४ साली स्टीफन नॉर्थ यांनी या केंद्रांबद्दल लिहिताना असं मांडलं की आपलं काम लेखन सुधारणं नसून लिहिणारा सुधारणं आहे. हे वाचून मला नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यात दुसरा क्रम नव्हताच. संपादकाने हस्तलिखितावर हात फिरवून, प्रकरणं इकडची तिकडे करून, लेखकाशी भांडण मिटवून झाल्याशिवाय मजकूर खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे जात नसे, आणि जुळल्याशिवाय मुद्रित माझ्या टेबलावर येत नसे. ज्या पानाचं भवितव्य ठरलेलं नाही, त्याचं मुद्रितशोधन करायचे पैसे कोणी देत नाही. शाळेत मात्र आपण नेमके उलटे चालतो.

आता पुढच्या शनिवारचं. तुझ्याकडे एका मुलामागे फार तर अर्धा तास असणार. पेन पिशवीतच राहू दे. त्याला निबंध मोठ्याने वाचायला सांग. लाजत असेल तर तू वाच, पण लिहिलंय तसंच, मनातल्या मनात सुधारून नको. वाचून झाल्यावर तुला काय कळलं ते दोन वाक्यांत त्याला परत सांग. 'म्हणजे पाणी आलं तेव्हा तुम्ही शाळेत राहिलात, आणि तिथे कोणीतरी फोटो काढले.' तो लगेच म्हणेल, 'नाही ताई, तसं नाही.' हे 'तसं नाही' कानावर आलं, की तुझं काम सुरू झालं असं समज.

मग एकच प्रश्न विचार आणि गप्प बस. गप्प बसणं आपल्याला जमत नाही हे मला माहीत आहे. प्रश्न मोठा नको. 'तुला तेव्हा कसं वाटलं?' असं विचारलंस तर 'वाईट वाटलं' एवढंच मिळेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्याची गोष्ट सांगणारं एखादं म्हातारं माणूस तुझ्या ओळखीत असेल, तर त्याचं बोलणं ऐक. ते 'सर्वत्र पाणीच पाणी' म्हणत नाही. घरातून निघताना काय उचललं आणि काय राहिलं, ते सांगतं. या मुलालाही ते आपोआप जमलंय. गॅसची टाकी आधी, वह्या-पुस्तकं नंतर. तेव्हा विचार, 'टाकी कशावर ठेवली?' 'तुझ्या वह्यांचं काय झालं? दादाच्याच का उचलल्या?' तो सांगायला लागला की वही त्याच्याकडे सरकव. लिहायचं त्याने. तू लिहून दिलंस तर ते पुन्हा मोराच्या रांगेत जाऊन बसेल.

आणि चुका? सोडून द्यायच्या नाहीत, शेवटची सात-आठ मिनिटं त्यांना द्यायची, पण मोजण्याची पद्धत बदलून. तुझ्या खुणा अकरा, पण चुकांचे प्रकार तीनच आहेत. सोडल, आल, येत, तिथ, पुस्तक, धरनाच, या सगळ्यांत शेवटचा अनुस्वार राहिलाय. पानी, आनि, धरन यांत न आणि ण. आणि 'दादाची वह्या' हा लिंग-वचनाचा एक घोटाळा, जो बहुधा घाईतला आहे. त्याला 'तुझ्या अकरा चुका' असं सांगणं आणि 'तुझी एक सवय बदलली की निम्म्याहून अधिक खुणा जातील' असं सांगणं, यांत फरक आहे.

एका शनिवारी एकच प्रकार घे. मी अनुस्वारापासून सुरुवात करीन, कारण तिथे अर्थ अडतो. 'गल्लीत पानी येत' एवढंच वाचलं तर वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो, येत काय? येत होतं? येत नाही? 'येतं' लिहिलं की वाक्य पुरं होतं. हे त्याला वाचून दाखव, त्याच्या कानाला कळेल. मग त्याच्याच पानावर तसे बाकीचे शब्द त्यालाच शोधू दे. न-ण पुढच्या वेळी. त्याच्या घरात 'पानी' म्हणत असतील तर ते बोलणं चुकीचं नाही, शाळेच्या कागदावर 'पाणी' लिहायचं, एवढंच सांगायचं. आईच्या तोंडचं वाक्य निबंधात आलं तर तिथे 'पानी' खुशाल राहू दे.

क्रम मोडायचा एक प्रसंग आहे. उद्या निबंध शाळेत द्यायचाय आणि मुलगा आज संध्याकाळी आलाय. तेव्हा नवं घर बांधायला घेऊ नकोस. एखादी ठळक गोष्ट, म्हणजे ते 'ते', नीट करून घे आणि उरलेला वेळ शुद्धलेखनाला दे. परीक्षक गुण कापतात, हे त्यालाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

प्रश्न : मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. सदाशिव पेठेत आम्ही चौघे मित्र खोली करून राहतो, राज्यसेवेची तयारी करतो. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून एकमेकांचे निबंध तपासतो. आमच्यातला एक जण पुण्याचाच आहे. तो म्हणतो, 'विचार पक्के कर, भाषेचं नंतर बघू.' पण मला आजवर लोक हसले ते शुद्धलेखनावरून आणि बोलण्यावरून, विचारांवरून नाही. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकं आहेत त्यांना 'भाषा नंतर' म्हणणं सोपं असतं. आम्हाला नियम कोण शिकवणार?
(नाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर : तुमचा आक्षेप मला पटतो. वर वारजेच्या वाचकाला जे लिहिलं त्याचा सोयीस्कर अर्थ असाही निघतो की गरिबाच्या, खेड्यातल्या पोराचे 'विचार' ऐकून आपण खूश व्हावं आणि नियमांची किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. अमेरिकेत लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईने १९८८ साली अशाच मुद्द्यावर खडसावलं होतं. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्या भाषेचे नियम बाहेरच्या मुलांना उघडपणे, स्पष्टपणे शिकवले पाहिजेत, ते आपोआप येतील असं म्हणत बसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, असं तिचं म्हणणं. मी तिच्या बाजूची आहे.

तेव्हा नियम शिकाच. ते फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा. थोडक्या पानांत मावतात. त्यातले काही पदरात पाडून घेतले तरी निम्म्याहून अधिक लाल खुणा जातील. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून कवी, गुरू, वस्तू. मराठी शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून गरीब पण गरिबाला, फूल पण फुलाचा, बहीण पण बहिणीला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र ऐकत नाहीत, शरीर आणि शरीराला. केलं, आलं, सांगितलं असं बोलल्यासारखं लिहिलंत तर अनुस्वार हवा, आणि एका निबंधात 'केलं' आणि 'केले' यांची खिचडी नको. परीक्षेसाठी 'केले' बरं.

आणि जे हसले, त्यांच्या आजोबांची जुनी पत्रं मागून घ्या. कांहीं, नाहीं, मीं, घरें, असं सगळं अनुस्वारांनी भरलेलं असेल. तेव्हा ते शुद्ध होतं. आजच्या नियमांनी तपासलं तर दर ओळीला चूक निघेल, आणि आजोबांच्या विद्वत्तेवर कोणी शंका घेणार नाही.

पण तुमचा पुण्याचा मित्रही पूर्ण चुकीचा नाही. तो वेळ चुकतोय. नियमांचा अभ्यास वेगळा करा, रोज थोडा, आकडेमोडीच्या सरावासारखा. निबंध तपासायला बसाल तेव्हा नियम काढू नका. दोन्ही एकत्र केलंत की सोपं असतं तेच होतं, आणि सोपं असतं शुद्धलेखन. 'परिस्थिती' ऱ्हस्व की दीर्घ यावर चौघांचा वाद रंगतो, आणि निबंधाला बाजूच नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

तुम्ही पाठवलेल्या निबंधाला ती खरंच नाही. विषय शहरांकडे होणारं स्थलांतर. सुरुवातीला 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात', शेवटी 'यात समतोल साधला पाहिजे', मधे दोन्ही बाजूंचे मुद्दे सारखे वाटून दिलेले. तुम्ही स्वतः परभणी सोडून इथे खोली करून राहता, आणि या विषयावर तुमचं मत काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही कळणार नाही.

एक युक्ती सांगते, तिला बोलावंही लागत नाही. मित्राचा निबंध घ्या आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात, हा परिच्छेद काय म्हणतो ते पाच-सहा शब्दांत पेन्सिलीने लिहा. चूक-बरोबर काही नाही, फक्त सारांश. मग मूळ मजकूर झाकून नुसता समास वरून खाली वाचा. दोन परिच्छेदांसमोर तेच लिहिलं गेलं असेल तर त्यातला एक जास्तीचा. एखाद्यासमोर काहीच लिहिता आलं नाही तर तो परिच्छेद नुसता शब्दांचा आहे. तुमच्या निबंधावर मी हे करून पाहिलं, तिसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदासमोर मला 'रोजगारासाठी लोक येतात' हेच लिहावं लागलं.

गुणांचा हिशेबही डोक्यात असू द्या. नव्या योजनेत मराठी आणि इंग्रजीच्या तीनशे-तीनशे गुणांच्या प्रश्नपत्रिका पात्रतेपुरत्या आहेत, पंचवीस टक्के मिळाले की झालं, ते गुण एकूणात धरत नाहीत. निबंधाचे अडीचशे मात्र धरतात. आणि परीक्षेच्या दालनात 'नंतर बघू' नावाची वेळच येत नाही. तिथे दुसरा मसुदा नाही. म्हणून शुद्धलेखन हाताच्या सवयीत आधीच उतरलेलं हवं, आणि उत्तरपत्रिका हातात आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त समासातली ती ओळ-ओळ लिहायला, म्हणजे आपण काय म्हणणार ते ठरवायला ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यमात. त्याच्या मराठीच्या बाई वहीत चूक असलेल्या ओळीसमोर समासात नुसती फुली मारतात. बरोबर शब्द लिहून देत नाहीत. खाली शेरा म्हणून परवा 'मग आजी काय म्हणाली?' एवढंच लिहिलं होतं. इतकी फी भरून एवढंच तपासणार? आता मीच घरी सगळं दुरुस्त करून मग वही पाठवते. शाळेत तक्रार करावी का?
(एक पालक, कोथरूड)

उत्तर : तक्रार करू नका, जमलं तर बाईंना भेटून त्यांचं कौतुक करा.

समासात नुसती फुली मारण्याला मोठी परंपरा आहे. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकन प्राध्यापकाने १९८३ साली आपल्या वर्गातला अनुभव मांडला. चूक कुठे आहे, कसली आहे, काही सांगायचं नाही, फक्त त्या ओळीसमोर खूण. विद्यार्थ्यांनी आपल्या साठ टक्क्यांहून जास्त चुका स्वतःच शोधून सुधारल्या. म्हणजे त्या चुका न येण्याच्या नव्हत्याच, न बघण्याच्या होत्या. बाईंनी शब्द लिहून दिला असता तर मुलाने तो उतरवून घेतला असता आणि विसरला असता. शिवाय खुणांवर वाचलेला वेळ बाईंनी निबंध वाचण्यात घालवला, हे त्या शेऱ्यावरून दिसतंच आहे.

फुलीने भागत नाही अशाही चुका असतात. ओळ वाचून वाचूनही मुलाला काय चुकलं ते सापडलं नाही, तर तो नियम त्याला ठाऊकच नाही. तेवढाच शिकवायचा. बाई बहुधा तेच करत असतील, पण तुम्ही घरून वही धुऊन पुसून पाठवता, त्यामुळे कुठला नियम येत नाही हे त्यांना कळायचं कसं? ते आजपासून थांबवा.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. इंग्रजी माध्यमातल्या पुष्कळ मुलांसाठी तो पाठ करून उरकायचा विषय झालाय. तुमच्या मुलाच्या वहीत आजी आली आहे आणि बाईंना पुढे काय झालं ते जाणून घ्यायचंय. तुम्ही पत्रात चुकांचं सगळं लिहिलंत, त्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं का, ते लिहिलं नाहीत. त्याला विचारा, आजी काय म्हणाली ते.

प्रश्न : शुद्धलेखन आता फोनमधलं ॲपच दुरुस्त करून देतं. मग लेखन शिकवणाऱ्यांनी तपासायचं काय?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : वाक्य खरं आहे का, त्याच्या आधी काय हवं होतं, वाचणाऱ्याला ते कळेल का, यातलं ॲप काहीच विचारत नाही. तेवढं तुमच्यासाठी उरलंय आणि ते पुष्कळ आहे.

वापरायचंच असेल तर शेवटी वापरा. पहिला मसुदा लिहिताना दर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटत राहिली, तर मूल वाक्य पुरं करायच्या आधी शब्दाशी झगडत बसतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे 'अंगणापलीकडच्या'सारखा बरोबर शब्दही यंत्राला संशयास्पद वाटतो, आणि मूल तो खोडून टाकतं. ती रेघ बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, तुम्हाला सापडली नाही तर घरातल्या मुलालाच विचारा.